अपॉकॅलिप्स (महाविष्णू ऑर्केस्ट्राचा अल्बम)

'अपॉकॅलिप्स' हा 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' या जॅझ-रॉक समूहाचा १९७४ साली प्रसिद्ध झालेला अल्बम आहे. इंग्लिश गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांच्या रचना या समूहाने 'लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा'च्या साथीने त्यात वाजवल्या आहेत. वाद्यवृंदाचे संचालन मायकेल टिल्सन टॉमस यांनी केले, तर निर्मिती जॉर्ज मार्टिन यांची होती. विजेवरची गिटार, जॅझमधील उत्स्फूर्त वादन आणि सिंफनी वाद्यवृंद एकत्र आणण्याच्या प्रयोगांत या अल्बमचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते.

इंग्रजीत 'अपॉकॅलिप्स' म्हणजे जगाचा अंत किंवा प्रलय असा अर्थ रूढ आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र 'आवरण दूर सारणे' असा आहे. अल्बममधील रचनांची शीर्षके पाहता येथे हा दुसरा अर्थच अधिक जवळचा वाटतो.

समूहाचे नाव

महाराष्ट्रात 'ऑर्केस्ट्रा' म्हटले की चित्रपटगीतांचा रंगमंचीय कार्यक्रम डोळ्यांसमोर येतो, आणि 'महाविष्णू' या नावामुळे हा भक्तिसंगीताचा समूह असावा, असाही समज होऊ शकतो. प्रत्यक्षात मॅकलॉफ्लिन हे न्यूयॉर्कमध्ये वास्तव्य करणारे बंगाली आध्यात्मिक गुरू श्री चिन्मय यांचे शिष्य होते. 'महाविष्णू' हे नाव त्यांना गुरूंनी दिले होते आणि तेच पुढे समूहाला मिळाले. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या या समूहात आरंभी पाचच वादक होते.

पार्श्वभूमी

मॅकलॉफ्लिन यांचा जन्म १९४२ साली यॉर्कशरमधील डॉनकास्टर येथे झाला. त्यांच्या आई व्हायोलिन वाजवत असत, त्यामुळे पाश्चात्त्य अभिजात संगीत लहानपणापासून कानांवर पडत होते. माइल्स डेव्हिस यांच्या 'इन अ सायलेंट वे' (१९६९) आणि 'बिचेस ब्रू' (१९७०) या अल्बममधील त्यांचे गिटारवादन जॅझ-रॉकच्या जडणघडणीत महत्त्वाचे ठरले. 'द इनर माउंटिंग फ्लेम' (१९७१) आणि 'बर्ड्स ऑफ फायर' (१९७३) या अल्बमनी महाविष्णू ऑर्केस्ट्राला कीर्ती मिळवून दिली. अतिद्रुत लय, विषम मात्रांची आवर्तने आणि गिटार, व्हायोलिन व सिंथेसायझर यांची सवाल-जवाबासारखी चुरस ही त्यांची वैशिष्ट्ये होत. परंतु वादकांमधील मतभेदांमुळे १९७३ च्या अखेरीस हा संच फुटला.

नव्या संचात फ्रेंच व्हायोलिनवादक जाँ-ल्युक पाँती, कीबोर्डवादक व गायिका गेल मोरान, बासवादक राल्फ आर्मस्ट्राँग आणि ड्रमवादक नारदा मायकेल वॉल्डन हे होते. पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात अभिजात शिक्षण घेऊन जॅझकडे वळलेले पाँती दोन्ही परंपरांत सारखेच निष्णात होते. त्यांच्या जोडीला एक व्हायोलिन, एक व्हिओला व एक चेलो असे छोटे तंतुवाद्यपथकही समूहात कायमचे घेण्यात आले. ही निवड वरवर किरकोळ वाटते, पण तिच्यामुळे समूह आणि सिंफनी यांच्यामध्ये एक पूल तयार झाला.

मेळ घालण्यातील अडचणी

जॅझ वादकाच्या मागे तंतुवाद्ये ठेवण्याची प्रथा जुनी आहे. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांनी १९४९ मध्येच तसे ध्वनिमुद्रण केले होते, पण तेथे तंतुवाद्यांचे काम बहुतांशी पार्श्वभूमी पुरवण्याचे होते. 'डीप पर्पल' या रॉक समूहाने १९६९ साली रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रासोबत लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कार्यक्रम केला. त्यात समूह आणि वाद्यवृंद पुष्कळदा आळीपाळीने वाजतात, त्यामुळे दोघांची भेट झाली तरी संवाद थोडाच घडला.

याचे कारण केवळ आवाजाच्या तीव्रतेत नाही. गिटारची तार छेडताच स्वर उमटतो. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरू लागल्यावर स्वर भरून यायला क्षणभर लागतो, आणि अनेक व्हायोलिने एकत्र असली की त्या स्वराची कडा आणखी मऊ होते. ड्रमच्या आघाताला चिकटून चालणाऱ्या द्रुत लयीत एवढा फरकही जाणवतो. शिवाय वाद्यवृंदातील वादक लिहिलेली स्वरलिपी संचालकाच्या इशाऱ्यानुसार वाजवतो, तर जॅझ वादक ऐन वेळी सुचेल ते. आपल्याकडील परिभाषेत सांगायचे तर एका बाजूला सगळे बांधलेले असते आणि दुसऱ्या बाजूला सगळी भिस्त उपजेवर.

'अपॉकॅलिप्स'मध्ये हा पेच सोडवण्याचे मोठे श्रेय वाद्यवृंदरचना करणारे मायकेल गिब्स यांना द्यावे लागते. ते स्वतः जॅझ परंपरेतील असल्याने, उत्स्फूर्त वादनाला कोठे मोकळीक द्यावी आणि वाद्यवृंदाने कोठे पुढे यावे, याची त्यांना जाण होती. बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांत तंतुवाद्यांचा कल्पक वापर केलेले मार्टिन यांच्या लंडनमधील एअर स्टुडिओत मार्च १९७४ मध्ये ध्वनिमुद्रण पार पडले.

रचना

अल्बममध्ये पाच रचना असून एकूण कालावधी सुमारे ५२ मिनिटे आहे. 'पॉवर ऑफ लव्ह' ही शांत प्रस्तावना आहे. 'व्हिजन इज अ नेकेड सोर्ड' ही १४ मिनिटांची रचना वाद्यवृंदाच्या गंभीर, काहीशा भयसूचक आरंभातून समूहाच्या प्रखर वादनाकडे जाते. 'स्माइल ऑफ द बियाँड'मध्ये मोरान यांचे गायन आहे. त्याचे शब्द मॅकलॉफ्लिन यांच्या तेव्हाच्या पत्नी महालक्ष्मी ईव्ह मॅकलॉफ्लिन यांचे आहेत. चौथी रचना 'विंग्ज ऑफ कर्मा' तुलनेने छोटी आहे.

शेवटची 'हिम टू हिम' ही १९ मिनिटांची रचना अल्बमचा गाभा होय. तिच्या संथ आरंभात वाद्यवृंद आणि समूह वेगळे करून ऐकणे कठीण जाते. लय वाढल्यावर मात्र गिटार व व्हायोलिन यांची झुंज सुरू होते आणि वाद्यवृंद बराच वेळ मागे सरतो. म्हणजे मूळ अडचण येथेही पुरती संपलेली नाही. मेळ विलंबित लयीत साधतो, द्रुत लयीत दोन्ही पक्ष पुन्हा आपापल्या जागी जातात. विलंबित भागांतील स्वरांचा ओलावा ऐकल्यावर प्रयोग फसला, असेही म्हणवत नाही.

त्यानंतर

पुढे मार्टिन यांनी गिटारवादक जेफ बेक यांच्या 'ब्लो बाय ब्लो'ची (१९७५) निर्मिती केली. त्यातील तंतुवाद्यांची रचनाही मार्टिन यांचीच आहे. मॅकलॉफ्लिन स्वतः मात्र लवकरच विजेची गिटार बाजूला ठेवून 'शक्ती' या समूहाकडे वळले. त्यात मुंबईचे तबलावादक झाकीर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर आणि घटमवादक टी. एच. विनायकराम हे त्यांचे सहकारी होते. सिंफनीकडे ते काही वर्षांनी परतले. 'मेडिटरेनियन कन्चेर्टो' या त्यांच्या रचनेचे ध्वनिमुद्रण १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातही लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा, टिल्सन टॉमस आणि गिब्स हेच होते. या वेळी मॅकलॉफ्लिन यांच्या हाती विजेविना वाजणारी गिटार होती.