विश्लेषण : घर बांधण्याआधी माती परीक्षण नेमके कोणते? अमरावती-अकोल्याच्या काळ्या मातीत एकच चाचणी का पुरत नाही?

शेतजमिनीवर लेआऊट पडतो, प्लॉट विकला जातो, गृहकर्ज मंजूर होते. मग पाया किती खोल घ्यायचा, हा प्रश्न बहुतेक वेळा मिस्त्रीलाच विचारला जातो. वऱ्हाडात त्याचे उत्तरही ठरलेले: ‘मुरूम लागेपर्यंत.’ अडचण अशी, की अमरावती शहराच्या टेकड्यांकडील बाजूला मुरूम काही फुटांवरच लागू शकतो. तर दर्यापूर, भातकुली, तेल्हारा या पूर्णेच्या खोऱ्यातील भागात गाळाचा थर इतका जाड आहे, की अनेक ठिकाणी पायाच्या खोलीत मुरूम भेटतच नाही. त्यामुळे दुसऱ्या भागातल्या नातेवाइकाने केलेली चाचणी आपल्यालाही चालेल, हे गृहीत धरणे महागात पडते.

काळी माती घराला त्रास का देते?

या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असते. ते पाणी शोषून फुगते आणि सुकले की आकसते. कापसाला मानवणारा ओलावा धरून ठेवण्याचा गुण पायाला मात्र मानवत नाही. पावसाळ्यात जमीन उचलली जाते, मे महिन्यात भेगाळते. त्याबरोबर भिंतींना तिरप्या चिरा पडतात, दरवाजे चौकटीत अडकतात. विशेष म्हणजे याचा फटका मोठ्या इमारतीपेक्षा एकमजली घराला जास्त बसतो. अपार्टमेंटचे वजन फुगणाऱ्या मातीला काही प्रमाणात दाबून ठेवते. हलके घर उचलले जाते. म्हणजे ‘छोटेच तर घर आहे, परीक्षण कशाला?’ हा युक्तिवाद इथे उलटा पडतो.

फुगण्याची पहिली चाचणी अगदी साधी आहे. चाळून वाळवलेली १० ग्रॅम माती एका नळीत पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, त्यामुळे दोन्हींतील आकारमानाचा फरक टक्क्यांत मोजता येतो. हा ‘फ्री स्वेल इंडेक्स’. भारतीय मानकानुसार तो ५० पेक्षा कमी असेल तर फुगारा कमी, १०० ते २०० असेल तर जास्त. खर्च किरकोळ, तरी अनेक अहवालांत हा आकडा नसतो.

प्लेट लोड चाचणी केली, मग पुरे का?

नाही. ३० सेंटीमीटरची प्लेट तिच्या रुंदीच्या साधारण दुप्पट, म्हणजे ६० सेंटीमीटर खोलीपर्यंतच्याच मातीची परीक्षा घेते. प्रत्यक्षातले दोन मीटर रुंद फूटिंग तीन-चार मीटर खोलवर भार टाकते. मधे मऊ थर असेल, तर प्लेटला तो कळत नाही.

लहान घरासाठी, मुरूम उथळ असल्यास, प्लॉटच्या मधोमध एक चाचणी खड्डा बऱ्याचदा पुरतो. आयएस १८९२ हे मानकही कमी महत्त्वाच्या लहान इमारतींना ती मुभा देते. सुमारे ०.४ हेक्टरवरील इमारतीसाठी मात्र चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे बोअर किंवा खड्डे सुचवले आहेत. बोअरमध्ये एसपीटी होते: ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून सोडायचा आणि नळी ३० सेंटीमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचे.

इथेच एक मेख आहे. मे महिन्यात सुकून दगडासारखी झालेली काळी माती भरपूर ठोके घेते आणि अहवाल छान दिसतो. तीच जमीन ऑगस्टमध्ये लोण्यासारखी मऊ. म्हणून अहवालावर बोअर घेतल्याची तारीख, मातीतील ओलावा आणि भूजलाची पातळी आहे का, हे आधी पाहावे. नमुना भिजवून केलेली चाचणीही मागावी.

खडक लागल्यावरही घाई नको. बेसाल्टच्या दोन थरांमध्ये अनेकदा तांबडी, मऊ माती दबलेली असते. कधी खडक म्हणून हाती येतो तो सुटा धोंडाच असतो. बहुमजली इमारतीसाठी खडकात आणखी खाली जाऊन अखंड गाभा काढून पाहावा लागतो.

खारपाणपट्ट्यात वेगळे काय?

पूर्णेच्या खोऱ्यातील खाऱ्या पाण्यामुळे आणखी एक तपासणी लागते. माती आणि पाणी, दोन्हींतील सल्फेट व क्लोराइडची. सल्फेट काँक्रीट खाते, क्लोराइड सळई गंजवते. भारवहन क्षमता उत्तम निघाली, तरी ही बाब त्यातून कळत नाही. विहिरीसाठी वापरतात ती विद्युत रोध पद्धत इथे एकटी वापरू नये. खारे पाणी रोध कमी करते आणि थरांचा अंदाज फसतो.

फुगारा जास्त निघाला, तर रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी विकसित केलेल्या, तळाशी फुगवटा असलेल्या अंडर-रीम पाइलचा पर्याय असतो. खोल काळ्या मातीत त्यांची लांबी किमान ३.५ मीटर हवी, कारण हंगामी ओलाव्याची हालचाल साधारण तिथपर्यंत पोहोचते. नुसती काळी माती काढून खड्ड्यात मुरूम भरणे हा स्वस्त उपाय सर्रास होतो. पण प्लिंथभोवती पाणी वाहून जाण्याची सोय नसेल, तर तोच मुरूम पावसाचे पाणी टाकीसारखे साठवून आजूबाजूच्या मातीला पाजत राहतो.