साक्षीदारांच्या पश्चात्

अणुबाँबचा त्याग करा, असें राष्ट्रांना विनविणारे पुष्कळ आहेत. पण ‘आम्हीं तो सोसला आहे’ असें म्हणूं शकणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत. १९४५ च्या ऑगस्टांत हिरोशिमा व नागासाकी येथील संहारांतून वांचलेल्यांना जपानांत ‘हिबाकुशा’ म्हणतात. १९५६ सालीं त्यांनीं ‘निहोन हिदांक्यो’ ही संघटना स्थापिली; २०२४ सालीं तिला शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. मार्च २०२५ अखेर मात्र सरकारदप्तरीं नोंदलेले हिबाकुशा एक लाखाहूनही कमी उरले होते, आणि त्यांचें सरासरी वय ८६ च्या पुढें गेलें होतें.

१२ जून १९८२ रोजीं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कांत सुमारें दहा लाख लोक या मागणीसाठीं जमले होते. तसे समुदाय आज दिसत नाहींत. चळवळीनें आपलें बळ कायद्याकडे वळविलें आहे. २०१७ सालीं संयुक्त राष्ट्रसंघांत १२२ राष्ट्रांच्या मतांनीं अण्वस्त्रबंदीचा करार संमत झाला, व २२ जानेवारी २०२१ पासून तो अंमलांत आला. त्याच्या प्रस्तावनेंत हिबाकुशांच्या यातनांचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु अण्वस्त्रें बाळगणाऱ्या नऊ राष्ट्रांपैकीं एकानेंही, अर्थात् भारतानेंही, त्यावर सही केलेली नाहीं.

साक्षीदार गेला तरी साक्ष दप्तरीं राहते, हें खरें. पण जो न्यायासनच मानीत नाहीं, त्याला त्यापुढें उभा करण्याचें काम कागद करीत नाहीं. तें मागें राहिलेल्या माणसांनाच करावें लागतें.