नवशिक्याचे डोळे आणि सरावाची बोटे

भिलाई हे छत्तीसगडमधील पोलादाचे शहर. तेथील कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि देशाच्या अनेक भागांतून आलेली माणसे, त्यांत मराठी कुटुंबेही, तेथे स्थिरावली. अशा शहरातील एखादे टायपिंगचे दुकान डोळ्यांसमोर आणावे. एका संगणकावर वीस वर्षे अर्ज आणि करारनामे टाइप करणारे गृहस्थ बसले आहेत. शेजारी कालपासून शिकू लागलेली मुलगी. दोघांची मजुरी पानांवर ठरते आणि दोघांपुढे आज्ञावलीही एकच आहे. मुलीला प्रत्येक सोय पडद्यावर दिसायला हवी. गृहस्थांना मात्र पडद्याकडे पाहावेच लागू नये.

ही दुहेरी गरज भागवण्याची जुनी युक्ती साधी आहे. मेनू उघडला की ‘सेव्ह’ या शब्दाच्या उजवीकडे ‘कंट्रोल + एस’ असे लिहिलेले असते. नवशिका माऊसने शब्द निवडतो. रोज तीच ओळ पाहून एके दिवशी त्याची बोटे आपोआप त्या कळींकडे वळतात. वेगळा वर्ग घ्यावा लागत नाही.

नवशिक्यासाठी सोपे करावे म्हणून वस्तू लपवणे मात्र अंगाशी येते. ऑफिस २००० मध्ये क्वचित लागणाऱ्या आज्ञा मेनूतून दडवलेल्या असत. थोडे थांबल्यावर त्या मध्येच प्रकट होत. नवशिक्याला हवे ते सापडेना आणि सरावलेल्याची नेहमीची जागा हलली! ऑफिस २००७ मध्ये वर्डसारख्या आज्ञावलींतील मेनूच जाऊन चिन्हांची रुंद पट्टी आली. तरीही कळींचे बहुतेक जुने संकेत चालू ठेवले होते, हे शहाणपणाचे झाले.

देवनागरी कळफलकाची कथाही याच प्रश्नाची आहे. रेमिंग्टन टंकलेखन यंत्रावर शिकलेल्या हाताला तीच मांडणी हवी असते. रोमन अक्षरे ओळखणाऱ्या नवशिक्याला ‘के’, ‘ए’ दाबून ‘का’ उमटवणे पहिल्याच दिवशी जमते; पण एका अक्षरासाठी कळी अधिक दाबाव्या लागतात. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या मानकातील इनस्क्रिप्ट मांडणी आरंभी परकी वाटते. तिच्यातील क्रम मात्र बाराखडी येणाऱ्याला लवकर उमगतो: स्वर व मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. ‘क’च्या कळीवर शिफ्टसह ‘ख’, ‘ग’च्या कळीवर ‘घ’. म्हणूनच अनेक साधनांत या तिन्ही मांडण्यांतून निवड करता येते, आणि ती तशी करता यावीच.

भिलाईतील त्या मुलीला इनस्क्रिप्टचा आणखी एक लाभ आहे. हीच मांडणी भारतातील इतर लिप्यांसाठीही योजलेली आहे. हिंदी आणि मराठीची लिपी तर एकच. दिवसभर हिंदी अर्ज टाइप करून संध्याकाळी नागपूरच्या मावशीला मराठी पत्र लिहिताना तिला नवे काही शिकावे लागत नाही. हिंदीत क्वचितच लागणारा ‘ळ’ ‘ल’च्याच कळीवर असतो, शिफ्ट दाबली की उमटतो.