गुडघा नवा, मांडी जुनीच

गुडघ्याच्या सांधेरोपणात झिजलेल्या हाडांची टोके तासून त्यांवर धातूचे आवरण बसवतात आणि मध्ये पॉलिएथिलीनचा तुकडा ठेवतात. सांधा बदलतो, त्याला चालवणारे स्नायू जुनेच राहतात आणि ऑपरेशननंतर आणखी दुबळे होतात. मांडीच्या पुढच्या क्वाड्रिसेप्स स्नायूची ताकद पहिल्या महिन्यात आधीच्या निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. स्नायू बारीक होणे हे त्याचे एक कारण, पण मोठे कारण वेगळेच आहे. सांध्यातल्या सुजेची संवेदना मज्जारज्जूत पोचते आणि स्नायूला जाणारा संदेशच दाबला जातो. म्हणून बर्फाचा शेक आणि पाय उंचावर ठेवणे हीसुद्धा व्यायामाचीच तयारी.

बहुतेक रुग्णांना ऑपरेशनच्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. पलंगावर पडल्यापडल्या पाऊल वरखाली करत राहिले की पोटरीतले रक्त खेळते. क्वाड्रिसेप्सचा पहिला व्यायाम दिसायला अगदी क्षुल्लक आहे: पाय सरळ ठेवायचा, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी घ्यायची, गुडघा गादीकडे दाबायचा आणि पाच आकडे मोजून सोडायचा. जमले तर गुडघ्याची वाटी मांडीकडे सरकताना डोळ्यांना दिसते. सुरुवातीला ती हलतच नाही. खचून न जाता दिवसातून अनेकदा करत राहावे लागते.

गुडघ्याखाली उशी घेतली की बरे वाटते, पण तीच सवय महागात पडते. गुडघा किंचित वाकलेला राहिला तर लंगडत चालणे कायमचे होऊ शकते. वाकण्याचे गणित निराळे. सपाटीवर चालायला सुमारे 65 ते 70 अंश पुरतात, जिना आणि खुर्चीसाठी 90 ते 100 लागतात. उकिडवे बसायला त्याहून कितीतरी जास्त लागतात, म्हणून भारतीय बैठकीचा आणि शौचालयाचा प्रश्न ऑपरेशनआधीच सर्जनशी बोलून घ्यावा.

पाय आपोआप वाकवणारे मोटारचे यंत्र एके काळी सर्रास लावत. 2014 च्या कॉक्रेन आढाव्यात त्याने मिळणारा फायदा जेमतेम 2 अंशांचा निघाला. रुग्णाने स्वतः जोर लावण्याला पर्याय नाही.

पुढे खुर्चीतून उठबस, पायरी, स्थिर सायकल. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. ताकद वर्षभर वाढत राहते. काही आठवड्यांनंतरही गुडघा 90 अंश वाकत नसेल, तर भूल देऊन तो वाकवावा लागतो, आणि हे पहिल्या तीन महिन्यांत केलेले बरे. पोटरी अचानक सुजून दुखू लागली किंवा ताप येऊन जखम पाझरू लागली, तर व्यायाम थांबवून लगेच रुग्णालय गाठावे.