दिब्बुक : झपाटलेल्या वधूची कैफियत

हल्लीं वयांत येणाऱ्या मुलामुलींच्या हातांत ज्या कादंबऱ्या दिसतात, त्यांपैकीं पुष्कळशा भुताखेतांच्या असून त्यांचा गाभा मात्र प्रेमाचा असतो. अकालीं मेलेला प्रियकर नायिकेच्या देहांत शिरतो आणि ज्यानें घात केला त्याचा सूड घेतो. घरांतील वडील माणसें अशीं पुस्तकें पाहून कपाळाला आठ्या घालतात. त्या अगदींच अनाठायीं आहेत असें नाहीं. यांतील बरींचशीं पुस्तकें खरोखर भिकार असतात. परंतु या जातीचें एक अस्सल उदाहरण शंभर वर्षांपूर्वीं पूर्व युरोपांतील यहुदी समाजांत निर्माण झालें. तें ‘दिब्बुक’ नांवाचें नाटक पाहिलें म्हणजे अशा कथेंत भूत नेमकें कोणतें काम करतें, हें ध्यानांत येतें.

‘दिब्बुक’ हा शब्द चिकटणें या अर्थाच्या हिब्रू धातूपासून झाला आहे. आपला ‘लागीर’ हा शब्द ‘लागणें’ यापासून आला, तशांतलाच हा प्रकार. नाटककाराचें नांव रापोपोर्ट. लिहितांना तो ‘अन्स्की’ हें नांव घेई. १९१२ ते १९१४ या काळांत व्होलिनिया व पोडोलिया या प्रांतांत हिंडून त्यानें यहुद्यांच्या गोष्टी, गाणीं व समजुती गोळा केल्या, आणि त्या सामग्रींतून हें नाटक उभें केलें. तें रंगभूमीवर पाहण्याचें मात्र त्याच्या नशिबीं नव्हतें. ८ नोव्हेंबर १९२० रोजीं तो वारला, आणि सुतकाचे तीस दिवस सरतांच वॉर्सा येथें व्हिल्नाच्या नटमंडळीनें पहिला प्रयोग केला.

कथा अशी आहे. खोनेन हा गरीब विद्यार्थी. सेंडर या धनिकाच्या घरीं तो जेवावयास येई. सेंडरची मुलगी लिआ हिच्यावर त्याचें मन जडतें. तिच्या प्राप्तीसाठीं तो गूढविद्येच्या मागें लागतो, आणि तिचें लग्न एका श्रीमंत मुलाशीं ठरल्याचें ऐकतांच गतप्राण होतो. लग्नाच्या दिवशीं लिआ दफनभूमींत जाऊन मृत आईस निमंत्रण देते. तेथेंच ती खोनेनलाहि बोलावून येते. वर जवळ येतांच ती त्यास दूर ढकलते आणि तिच्या तोंडून पुरुषाचा आवाज उमटतो.

एवढ्यावर थांबलें असतें तर ती एक सामान्य भुताची गोष्ट झाली असती. नाटकाची खरी गोडी पुढें आहे. लिआला रब्बी आझ्रिएल यांच्याकडे नेतात. तेवढ्यांत कळतें कीं, खोनेनचा मृत बाप निस्सन नगराच्या रब्बीच्या स्वप्नांत तीन वेळां आला असून त्यास सेंडरवर फिर्याद करावयाची आहे. मग रीतसर न्यायासन बसतें! मृतासाठीं पडदा लावून जागा राखतात आणि त्याचें म्हणणें नगराचा रब्बी इतरांस सांगतो. तरुणपणीं दोघां मित्रांनीं वचन दिलेलें असतें : एकास मुलगा व दुसऱ्यास मुलगी झाली तर त्यांचें लग्न लावावयाचें. सेंडरनें संपत्तीच्या लोभानें तें मोडलें. आतां मागें नांव चालविणारा कोणी उरला नाहीं. आपण ‘पाणी द्यावयास कोणी राहिला नाहीं’ म्हणतों, तेंच दुःख.

जी वस्तु अद्याप जन्मासच आली नाहीं तिच्याविषयींचा करार शास्त्रानें बंधनकारक होत नाहीं, असें न्यायासन म्हणतें. तरी सेंडरनें अर्धी संपत्ति गरिबांस द्यावी व जन्मभर पितापुत्रांसाठीं प्रार्थना म्हणावी असा निकाल देतें. निस्सन त्यावर ‘आमेन’ म्हणत नाहीं. पुढें शिंगें फुंकून खोनेनला बाहेर काढतात, परंतु लिआ रक्षणासाठीं आखलेलें रिंगण ओलांडून त्याच्याकडे निघून जाते, आणि येथें तिचा देह निष्प्राण होतो.

येथें सूड आहे, पण तो रक्ताचा नाहीं. तो थकलेल्या देण्याचा तगादा आहे. आणि सबंध नाटकांत हें लग्न हवें कीं नको असें लिआला कोणीच विचारीत नाहीं. तिच्या तोंडून लोकांच्या कानांवर पडतो तो पुरुषाचा आवाज! शाळेंत असतांना मीं पाहिलें आहे कीं, जी मुलगी घरीं ब्र काढीत नसे, तिच्याच अंगांत वारें येई. आणि घरचीं माणसें तें वारें काय बोललें हें ऐकण्यापेक्षां तें उतरविण्याच्या खटपटीस आधीं लागत. आपल्याकडे ही खटपट कोणत्या थरास जाते, हें महाराष्ट्राच्या २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यावरून दिसतें. भूत उतरविण्याच्या मिषानें माणसास दोरानें वा साखळीनें बांधणें, काठीनें वा चाबकानें मारणें, हे त्यांत गुन्हे म्हणून नमूद करावे लागले. रब्बी आझ्रिएलनें भुताची बाजू तरी ऐकून घेतली होती.

१९२२ सालीं मॉस्कोंत ‘हबिमा’ मंडळीनें हें नाटक हिब्रू भाषेंत केलें. १९३७ सालीं पोलंडांत त्याचा यिडिश बोलपट निघाला. तो आजहि पाहावयास मिळतो. घरांतील मुलीच्या हातांत तसली एखादी कादंबरी दिसली, तर तिच्याजवळ बसून हा बोलपट पाहावा, आणि निकाल लागल्यावरहि निस्सन गप्प कां राहिला, हें तिलाच विचारावें.