नवरा-बायकोचा जोडधंदा आणि प्राप्तिकर



चाकण, महाळुंगे, निघोजे भागात जमिनी कारखान्यांसाठी गेल्या. उरलेल्या रानात बऱ्याच घरांनी गोठा नाहीतर कोंबड्यांची शेड उभी केली. पहाटे धार घरची बाई काढते, दूध घालायला मालक भोसरीला जातात. मग कराचे विवरणपत्र भरायचे कुणाच्या नावाने?

शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकर नाही. पण दूध आणि कोंबडीपालन त्यात धरत नाहीत. शिवाय नवरा-बायकोचे मिळून एकच विवरणपत्र आपल्या कायद्यात नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्यामुळे धंद्याचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे धरतात, पण विवरणपत्रे तिथेही दोन. आपल्यापुढे वाटा तीन.

१. धंदा एकाच्या नावावर : हे सर्वांत सोपे. पण नवऱ्याने पैसा देऊन धंदा बायकोच्या नावावर केला, तर त्या पैशापुरता नफा नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात. नुसते नाव बदलून कर टळत नाही.

२. बायकोला पगार : हा पगारही नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवतात. मात्र तिने दुग्धव्यवसायाचे रीतसर शिक्षण घेतले असेल आणि पगार त्या ज्ञानाच्या कामाचाच असेल, तर तो तिचाच धरतात.

३. भागीदारी : यासाठी करारपत्र, पेढीचा वेगळा पॅन आणि वेगळे खाते लागते. विवरणपत्रे तीन : पेढीचे एक, दोघांची दोन. पेढीला पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर. उरलेल्या नफ्याच्या वाट्यावर भागीदारांना पुन्हा कर नाही.

हिशेब पाहा. नफा ४ लाख रुपये. पूर्ण हिशेब ठेवून, करारात लिहिलेला भागीदारांचा ३ लाख ६० हजार पगार वजा केला, तर उरलेल्या ४० हजारांवर पेढीचा कर उपकरासह १२,४८० रुपये. पगार भागीदारांच्या उत्पन्नात जातो. बायकोच्या पगाराला वरचा नियम इथेही लागू शकतो. हाच धंदा एकाच्या नावावर असता आणि दुसरे उत्पन्न नसते, तर नव्या करपद्धतीत २०२५-२६ सालासाठी कर शून्य.

म्हणून लहान धंद्यात कर वाचवायला भागीदारी करू नका. करायची तर दोघांचे कष्ट कागदावर यावेत म्हणून करा. उद्या मालकांचे बरेवाईट झाले, तर वर्षानुवर्षे शेणघाण काढलेल्या बाईकडे आपला वाटा दाखवायला चिठोरेही नसते. तिने भांडवल घालायचे ते स्वतःचे असावे : बचत गटाचे कर्ज, माहेरचा पैसा किंवा स्वतःची मजुरी. त्याची पावती जपून ठेवावी.

करार करण्याआधी दुधाची आणि पेंडीची वही घेऊन कर सल्लागाराकडे जा. एकट्याने नको, जोडीने जा.