एका पेशीवर एकच कण

पेशींच्या थरावर अल्फा कणांचा मारा केला, की कोणत्या पेशीला किती कण लागतील हे नशिबावर असते. पेशीकेंद्रकामागे सरासरी एक कण ठेवला, तरी ३७ टक्के पेशी सुटतात, तितक्यांनाच नेमका एक लागतो आणि उरलेल्यांना दोन किंवा जास्त. रेडॉन वायूचा धोका मोजताना हीच अडचण होती; घरातल्या रेडॉनमुळे फुफ्फुसातल्या पेशीच्या वाट्याला सहसा एखादाच अल्फा कण येतो, आलाच तर.

त्यावरचा उपाय म्हणजे मायक्रोबीम, नेमक्या जागी सोडलेला बारीक झोत. सर्गेई चाखोतिन यांनी १९१२ मध्येच अतिनील किरणांचा बारीक झोत पेशीच्या एका भागावर टाकला होता. कण मोजून मारणे मात्र संगणक हाताशी आल्यावर, १९९०च्या दशकात जमले.

न्यूयॉर्कजवळ अर्व्हिंग्टन इथल्या कोलंबिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कण खालून वर येतात. पेशी वाढवलेल्या बशीचा तळ पातळ प्लास्टिकचा असतो, कारण जाड तळाशी अल्फा कण अडकूनच पडेल. केंद्रके रंगवून अतिनील प्रकाशात चमकवली जातात, कॅमेरा त्यांच्या जागा टिपतो आणि संगणक एकेक केंद्रक झोतासमोर आणतो. पेशीतून आरपार गेलेला कण वरच्या शोधकात नोंदला गेला, की झोत क्षणात बंद. रंग आणि अतिनील प्रकाश दोन्ही पेशीला बाधतात, म्हणून ते बेतानेच वापरावे लागतात.

१९९९ मध्ये इथे दिसले, की ‘नेमका एक’ कण लागलेल्या पेशी ‘सरासरी एक’ कण मिळालेल्यांपेक्षा कमी प्रमाणात कर्करोगाच्या वाटेला लागतात. म्हणजे जास्त कणांचे परिणाम खाली ओढून काढलेला रेडॉनचा धोका फुगलेला असू शकतो. पण त्याच वर्षी केंद्रक टाळून नुसत्या पेशीद्रवावर कण मारले, तरी जनुकीय बदल झाले! पुढच्या वर्षी पाचपैकी एकाच पेशीवर कण मारले, तेव्हा बदलांचे प्रमाण हिशेबापेक्षा तिपटीने भरले. मार न बसलेल्या शेजारणींतही बदल झाले होते. पेशींमधल्या जोडवाटा औषधाने बंद केल्यावर हा परिणाम ओसरला, म्हणजे निरोप त्या वाटांनी जात असावा.

बशीतला एकपदरी थर म्हणजे शरीर नव्हे, हा आक्षेप रास्तच. म्हणून २००५ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी त्वचेच्या तुकड्यावर फक्त एका रेषेत मारा केला गेला. बाधित पेशी त्या रेषेपासून एक मिलिमीटरपर्यंत सापडल्या.